नको म्हणायची ऐपत

गेल्या महिन्यात चिंचवडला लघुउद्योजकांच्या मेळाव्यात वक्त्यांनी पडद्यावर एक फोटो दाखवला. पेठेतलं जुनं दुकान, लाकडी फळ्यांचं दार आणि वर पाटी, ‘आमची कोठेही शाखा नाही’. सभागृह हसलं. वक्ते म्हणाले, ही पाटी म्हणजे मराठी माणसाच्या धंद्याचं मृत्युपत्र आहे. टाळ्या पडल्या. पुढचा तासभर दहा पट, शंभर पट, पाच वर्षांत पाच शहरं, असं चाललं. दुसऱ्या दिवशी आमच्या गाळेवाल्यांच्या ग्रुपवर उलटी लाट आली. कुणी ‘ठेविले अनंते तैसेचि रहावे’ लिहिलं, कुणी पन्नास वर्षं एकाच कोपऱ्यावर उभ्या असलेल्या वडापावच्या गाडीचं कौतुक केलं, कुणी कर्ज काढून बुडालेल्या ओळखीच्यांची उदाहरणं दिली. दोन दिवसांनी वाद थंडावला तेव्हा जो तो आपापल्या जागी होता. मला त्या वादाचं वाईट वाटलं, कारण तिथे लिहिणाऱ्यांपैकी निदान चार जणांच्या टेबलावर मशीनचं कोटेशन पडलेलं होतं हे मला ठाऊक होतं. त्यांना खरा निर्णय घ्यायचा होता, आणि आम्ही त्यांच्या हातात एका बाजूने टाळ्या आणि दुसऱ्या बाजूने अभंगाची ओळ दिली.

मी भोसरी एमआयडीसीत जॉबवर्कचा, म्हणजे कंपन्यांना सुटे भाग करून देणारा, गाळा चालवतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कंपनीतली नोकरी सोडून १९८६ मध्ये एका लेथवर सुरू केला, २००१ पासून मी आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. धंदा वाढवावा की वाढवू नये, या प्रश्नाला उत्तर नाही, कारण वाढणं हा सद्गुण नाही आणि आहे तेवढ्यात राहणं हाही नाही. प्रत्येक पावलाच्या वेळी विचारायचं ते वेगळं आहे. हे पाऊल टाकल्यावर समोरच्याला ‘नको’ म्हणायची माझी ऐपत वाढेल की घटेल? ज्या वाढीने ती ऐपत वाढते ते बाळसं. ज्या वाढीने ती जाते ती सूज, मग गाळा कितीही मोठा दिसो.

आधी त्या पाटीचं बोलू. आपल्याला तिच्यात आळस दिसतो म्हणून आपण हसतो. पण ती लिहिली होती कुणासाठी? गिऱ्हाइकासाठी. एखाद्याचा चिवडा, पेढा किंवा तपकीर नावाजली की दोन गल्ल्या सोडून त्याच आडनावाचं दुसरं दुकान उभं राहायचं. देशात ट्रेडमार्कचा पहिला कायदा १९४० साली झाला. त्याआधी नोंदणीचा असा कायदाच नव्हता आणि नंतरही कोर्टाची पायरी छोट्या दुकानदाराला परवडणारी नव्हती. त्याच्या हातात होता तो रंगाचा डबा आणि ब्रश. दुसरीकडे माझ्या नावाने मिळेल त्या मालाला मी जबाबदार नाही, माझा माल इथेच, मी स्वतः उभा असतो तिथे मिळतो, एवढं तो सांगत होता. दर्जाची इतकी थेट जबाबदारी घेणारं वाक्य आज किती कंपन्या आपल्या पाटीवर लिहू शकतील? त्या माणसाने पुढे शाखा काढायला हवी होती की नव्हती, हा निराळा मुद्दा. पण त्याच्या सावधपणाला न्यूनगंड म्हणणं हा अन्याय आहे.

तरीही वाढीच्या बाजूने जे बोलतात त्यांचे मुद्दे भक्कम आहेत, आणि त्यांना टाळून पुढे जाता येणार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८८ मध्ये सुरू झालेल्या बेळगावच्या सायकलच्या दुकानापाशीच थांबले असते, तर महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीत लोखंडी नांगर कधी आला असता? १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली नसती तर किती कारागीर शेतमजूरच राहिले असते? आमच्या पिंपरी-चिंचवडचंच बघा. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि बजाज इथे आले नसते, आणि त्यांचं काम अंगावर घेऊन लेथवाल्यांनी हिंमत केली नसती, तर अण्णांसारख्या माणसाला स्वतःचा गाळा स्वप्नातही दिसला नसता. आमच्या सगळ्यांच्या घरातलं अन्न कुणाच्या तरी वाढीतून आलेलं आहे.

दुसरा मुद्दा याहून कडक आहे. आहे तिथेच राहायचं म्हटलं तरी राहू देतं कोण? कंपनीचा खरेदी विभाग दर वर्षी दर कमी करून मागतो. मशीनवर धातू कापणारे कार्बाइडचे इन्सर्ट महागतात, विजेचं बिल वाढतं, किमान वेतन वाढतं, आणि वाढायलाच हवं. तेवढ्याच मशीनवर तेवढंच काम करत राहिलं तर दहा वर्षांत मालकाच्या हातात कामगाराइतकेही पैसे उरत नाहीत. आणि कामगाराचं काय? भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस माणसांपासून लागू होतो, म्हणून एकोणीसवर थांबलेले गाळे मी पाहिले आहेत. तिथे पंधरा वर्षं इमानाने काम केलेला फिटर पन्नाशीत रिकाम्या हाताने गावी जातो. मालकाच्या समाधानाची किंमत त्या फिटरने मोजलेली असते. ‘ठेविले अनंते’ लिहिणाऱ्यांनी या माणसाकडे एकदा तरी बघावं. तुकोबांच्या घरात महाजनकी होती, दुकान होतं, उधारीची खतं होती. दुष्काळाने धंदा मोडताना त्यांनी पाहिला होता. समाधान हा शब्द त्यांनी फार मोठी किंमत देऊन कमावला. आपण तो नवं मशीन न घेण्याचं कारण म्हणून वापरतो.

तिसरा मुद्दा इतिहासाचा. लहान राहणं ही या देशाची सरकारी नीतीच होती. १९६७ मध्ये ४७ वस्तू फक्त लघुउद्योगांनी बनवायच्या असं ठरलं, आणि ती यादी वाढत वाढत आठशेच्या वर गेली. लोणची, पाव, मेणबत्त्या, कुलपं, वह्या, काय काय तिच्यात होतं. शेवटच्या वीस वस्तू एप्रिल २०१५ मध्ये त्यातून निघाल्या. हेतू चांगला होता. पण गुंतवणुकीची मर्यादा ओलांडली की संरक्षण जायचं, म्हणून लोकांनी एक कारखाना वाढवायचा सोडून बायकोच्या, भावाच्या, मेहुण्याच्या नावावर तीन कारखाने काढले. तिन्ही लहान, तिन्हींत जुनी मशिनरी. बाहेरचा माल आल्यावर त्यातले बरेच टिकू शकले नाहीत. लहान राहण्याचं कौतुक करणाऱ्यांनी हा धडा पचवायला हवा.

हे सगळं मला मान्य आहे. मग मी त्या वक्त्यांच्या बाजूला का नाही? कारण या उदाहरणांकडे जवळून पाहिलं की ती वेगळंच सांगतात. किर्लोस्करांनी सायकलच्या दुकानाच्या दहा शाखा काढल्या नाहीत. ते कडबा कापायच्या यंत्राकडे गेले, नांगराकडे गेले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. ती दोन वर्षं त्यांनी कशी काढली असतील याचा मी पुष्कळदा विचार करतो. गिऱ्हाईक नाही म्हणून त्यांनी नांगर सोडून दिला नाही. मालात सुधारणा करत राहिले. आणि जेव्हा माल खपू लागला तेव्हा तो हजारो शेतकऱ्यांनी एकेक करून घेतला. त्यातला कुठलाही एक शेतकरी रागावला म्हणून कारखाना बंद पडणार नव्हता. त्यांची वाढ अशी होती, की दर वर्षी त्यांना बंद पाडू शकणारी माणसं कमी होत गेली. आणि लघुउद्योगांच्या त्या यादीचं काय झालं? तिथे लहान राहण्याचा निर्णय धंदेवाल्याने आपलं काम, आपला माल, आपली माणसं बघून घेतला नव्हता. तो बाहेरून लादला होता. आज मेळाव्यातल्या टाळ्या वाढीचा निर्णय बाहेरूनच लादतात. बदलली ती दिशा. निर्णय धंदेवाल्याच्या हातातून काढून घेण्याची खोड तीच.

मी हे पुस्तकात वाचून बोलत नाही. २०१८ च्या जानेवारीत माझ्याकडे दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), तीन लेथ आणि बारा माणसं होती. सात-आठ गिऱ्हाइकं होती, कुणीच फार मोठं नव्हतं. त्यातल्या एका कंपनीने बोलावलं. महिन्याला अठरा हजार नग देतो, दोन मशीन आणखी टाका. हातात शेड्यूल ठेवलं. गाळा चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं आणि प्रत्येक जण सोयीने विसरतो ते हे, की शेड्यूल म्हणजे ऑर्डर नाही. ऑर्डरला तारीख, नग आणि सही असते. शेड्यूल हा अंदाज असतो आणि तो चुकला तर त्याची भरपाई कुणी करत नाही. मी दोन मशीन घेतली. अठ्ठेचाळीस लाखांचं कर्ज, पाच वर्षं, महिन्याला एक लाख चार हजारांचा हप्ता, तारण राहता फ्लॅट. नव्या मशीनच्या पूजेचा फोटो टाकला तेव्हा आलेले अभिनंदनाचे निरोप वाचायला मला एक संध्याकाळ लागली. अण्णांनी नारळ फोडला आणि एवढंच म्हणाले, “मशीन कामाच्या जोरावर घ्यायचं रे, शब्दाच्या जोरावर नाही.” मला ते जुन्या पिढीचं भित्रेपण वाटलं.

पहिलं वर्ष सुंदर गेलं. तिन्ही पाळ्या, एकोणीस माणसं, उलाढाल जवळजवळ दुप्पट. नवी मशीन भरण्यासाठी मी जुन्या गिऱ्हाइकांना थांबायला सांगू लागलो. चारशे-पाचशे नगांचं काम देणाऱ्याला दोन आठवडे, मग चार आठवडे. ते बिचारे दुसरीकडे गेले. वर्षाअखेर माझं सत्तर टक्के काम त्या एका गेटातून येत होतं. त्या वर्षीचा ताळेबंद बँकेच्या साहेबांना फार आवडला, सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी उचलीची मर्यादा, वाढवून मिळाली. कागदावर माझा धंदा कधी नव्हता इतका धडधाकट होता. प्रत्यक्षात मी कधी नव्हतो इतका अगतिक होतो, आणि ते मला अजून कळलेलं नव्हतं.

२०१९ च्या उन्हाळ्यापर्यंत गाड्यांची विक्री घसरू लागली होती. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचं बीएस-सहा हे नवं मानक लागू होणार होतं, जुन्या इंजिनांचा माल कुणाला साठवायचा नव्हता. अठरा हजारांचं शेड्यूल बारावर आलं, मग सातवर, सप्टेंबरात पाचवर. पैसे साठ दिवसांऐवजी नव्वद दिवसांनी, कधी एकशे वीस दिवसांनी. एका खेपेला डेबिट नोट, म्हणजे नापास मालाचे पैसे कापल्याचा कागद, आली, जिच्यातलं निम्मं रिजेक्शन आमचं नव्हतंच. मी काय केलं? सही केली. दर तीन टक्के कमी करून मागितला, मी दिला. रविवारी माल हवा म्हणाले, मी माणसं रविवारी बोलावली. अगदी खरं सांगायचं तर त्या माणसांना, खरेदी विभागातल्या त्या तरुण अधिकाऱ्यांना, मी दोष देत नाही. त्यांच्यावर वरून तोच दट्ट्या होता. मला झोप लागू देत नव्हतं ते हे, की त्या वर्षभरात मी एकदाही ‘नाही’ म्हणालो नाही. म्हणूच शकत नव्हतो. सहा माणसं कमी करावी लागली. त्यांतला एक अण्णांच्या वेळचा टर्नर होता. फेब्रुवारी २०२० मध्ये एक नवं मशीन निम्म्या किमतीत विकलं, आणि पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली.

इथे कुणी म्हणेल, कायदा आहे की. आहे, आणि चांगला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रारीसाठी राज्यात परिषद आहे. एप्रिल २०२४ पासून तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३बी मध्येही नवी तरतूद लागू झाली: सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे वेळेत दिले नाहीत, तर ते देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. पण मला सांगा, ज्याच्याकडून सत्तर टक्के काम येतं त्याच्याविरुद्ध परिषदेकडे अर्ज कोण करेल? व्याजाचे चाळीस हजार मिळतील आणि पुढच्या महिन्याचं शेड्यूल शून्यावर येईल. माझ्या शेजारच्या गाळेवाल्याला तर त्याच्या गिऱ्हाइकाने नवी तरतूद आल्यावर लघुउद्योग म्हणून असलेली उद्यम नोंदणीच रद्द करून टाका असं सुचवलं. त्याने केली. कायद्याने दिलेला हक्क वापरायला समोरच्याशिवाय जगता यावं लागतं. जगता येत नसेल तर तो हक्क राजपत्रात राहतो.

माझ्या गाळ्याचं उदाहरण फार छोटं वाटत असेल तर जपानकडे पाहा. ओसाकामध्ये देवळं बांधणारी कोंगो गुमी नावाची कंपनी इसवी सन ५७८ पासून चालत होती. चौदाशे वर्षं. युद्धं, दुष्काळ, धर्मावरची संकटं, राजवटी बदलणं, या सगळ्यातून ती तरली. १९८० च्या दशकात जमिनींचे भाव आकाशाला भिडले तेव्हा तिने कर्ज काढून जमिनीत गुंतवणूक केली. फुगा फुटला आणि कर्ज तेवढंच राहिलं. देवळांकडून येणारं कामही आटत गेलं होतं. २००६ मध्ये तिचा कारभार एका मोठ्या बांधकाम कंपनीच्या हाती गेला. चौदाशे वर्षं सुतारकामाने टिकवलेली गोष्ट जमिनीवरच्या वीस वर्षांच्या कर्जाखाली दबली. देवळाचं काम आटत होतं तेव्हा त्यांनी काहीतरी करायलाच हवं होतं, हे मी नाकारत नाही. पण नवीन उद्योग शोधणं वेगळं, आणि सगळे वाढताहेत म्हणून उसन्या पैशाने वाढणं वेगळं.

मग वाढ कशी असावी? आपल्याकडे याची उत्तरं कधीपासून आहेत, आपण ती या वादात आणत नाही. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या लिज्जतच्या आज हजारो भगिनी देशभर आहेत. म्हणजे वाढ प्रचंड झाली. पण सुरुवातीलाच त्यांनी ठरवलं, देणगी घ्यायची नाही. विचार करा, हाताशी ऐंशी रुपये असताना देणगी नको म्हणायची! आणि पापड लाटायचं मशीन आणून हात कमी करायचे नाहीत, लाटणारी प्रत्येक जण मालकीण राहील, ही चौकट त्यांनी मोडली नाही. आधी काय सोडायचं नाही हे ठरलं, मग वाढ त्या चौकटीत झाली. दुसरं उदाहरण पुण्याचं. चितळे बंधूंची दुकानं दुपारी एक ते चार बंद असत, त्यावर अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले. पण त्या विनोदांची सगळी वर्षं त्यांचा धंदा वाढतच होता. २०१७ मध्ये त्यांनी दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. कुणी हसलं म्हणून त्यांनी ते दहा वर्षं आधी केलं नाही, आणि परंपरा म्हणून पुढे ढकलतही राहिले नाहीत. त्यांची वेळ आली तेव्हा बदल केला. एक ते चार बंद ठेवणं त्यांना परवडत होतं, हीच त्यांची श्रीमंती होती.

याला एक उत्तर येतं, आणि ते माझ्या सगळ्या म्हणण्याला सर्वांत जास्त टोचणारं आहे. ‘नको’ म्हणायची चैन पोट भरलेल्यांना असते. ज्या बाईने मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटातून पन्नास हजार घेऊन पोळी-भाजी केंद्र काढलं आहे तिने कुणाला नको म्हणायचं? तिच्याकडे ऑर्डर आली की ती घेणार, रात्री दोनपर्यंत पोळ्या लाटणार. बरोबर आहे. तिला मी काही शिकवायला जात नाही. तिच्यासाठी वाढ ही पोटाची गरज आहे आणि तिने जमेल तितकं वाढावं. पण तिच्याकडेही बारकाईने बघितलं तर काय दिसतं? आमच्या गल्लीत अशाच एक ताई डबे देतात. एका कंपनीच्या कॅन्टीनचे दीडशे डबे मिळत होते. त्यांनी साठच घेतले, कारण दीडशे घेतले असते तर शेडमधले, वसतिगृहातले, एकट्या म्हाताऱ्यांचे चाळीस डबे सोडावे लागले असते. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “दादा, कंपनीचा साहेब बदलला की डबे बंद. ही चाळीस माणसं एकदम कशी बदलतील?” मशीन टूल्सच्या प्रदर्शनात मला जे कुणी सांगितलं नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. नको म्हणायची ऐपत बँकेतल्या आकड्यानेच येते असं नाही. काम कुणाकडून आणि किती जणांकडून येतं यानेही ती येते, आणि तिची बांधणी अगदी गरिबीतही करता येते. उलट गरिबाने ती आधी करायला हवी, कारण पडलं तर त्याला उठवायला कुणी नसतं.

गेल्या सहा वर्षांत मी माझे निर्णय घ्यायची पद्धत बदलली. ती सगळ्यांना लागू पडेल असा माझा दावा नाही, पण माझ्या गाळ्यात ती टिकली. महिन्याच्या पगारांच्या दुप्पट रक्कम मुदत ठेवीत असते आणि तिला मशीनसाठी हात लावायचा नाही. कुठलंही एक गिऱ्हाईक एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्शावर गेलं की त्याचं नवं काम घ्यायच्या आधी दुसरं गिऱ्हाईक शोधायचं, मग त्याला सहा महिने लागले तरी चालतील. मशीनचा निर्णय कधीच दिवाळीच्या आधी किंवा मोठी ऑर्डर आल्याच्या आठवड्यात घ्यायचा नाही; काम मंद असतं त्या महिन्यात घ्यायचा, कारण त्या महिन्यात हप्ता किती जड असतो ते अंगाला कळतं. आणि कर्जाच्या कागदावर सही करायच्या आधी एका साध्या कागदावर लिहायचं, कशा परिस्थितीत आपण थांबू, काय विकू, कुणाला काय सांगू. हा कागद माझी बायको लिहिते. २०१८ मध्ये तिला विचारलंच नव्हतं, आणि तारण ठेवलेला फ्लॅट तिच्याही नावावर होता. धंद्याच्या निर्णयात घरच्यांना भावनिक म्हणून बाजूला ठेवायची आपल्याकडे रीत आहे. माझ्या अनुभवात भावनेच्या भरात होतो तो मी. तिने विचारले असते ते प्रश्न साधे हिशेबाचे होते.

या पद्धतीने वाढ मंद होते, हे खरं. माझ्याबरोबर सुरू झालेले दोघे आज माझ्या चौपट आहेत आणि ते बुडलेले नाहीत. त्यांच्या हिमतीबद्दल मला आदर आहे. एप्रिल २०२५ पासून सरकारने सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा पाच कोटींवरून दहा कोटींवर नेली, म्हणजे माझ्या हयातीत मी बहुधा कागदोपत्री सूक्ष्मच राहीन. पण वीस माणसांचा टप्पा मी मागच्या वर्षी ओलांडला आणि सगळ्यांचा भविष्य निर्वाह निधी सुरू केला. २०१९ मध्ये गेलेल्या सहांपैकी चार जण परत आले आहेत. वाढीला विरोध असता तर हे झालं नसतं. त्या मेळाव्यातल्या वक्त्यांना मला एवढंच विचारायचं होतं, की तुमच्या दहा पटीच्या गणितात एका फोनवर बंद पडणाऱ्या गाळ्यांचा रकाना कुठे आहे? आणि ग्रुपवरच्या समाधानी मित्रांना विचारायचं होतं, तुमच्या फिटरला साठीनंतर काय मिळणार आहे? दोन्ही प्रश्न मी तिथे विचारले नाहीत, म्हणून इथे लिहितो आहे.

गेल्या पंधरवड्यात एका मोठ्या पुरवठादाराने बोलावलं होतं. महिन्याला बावीस हजार नग, दोन मशीन टाका, शेड्यूल तयार आहे. मी म्हणालो, टूलिंगचा, म्हणजे या कामासाठी लागणाऱ्या हत्यारांचा, खर्च तुमचा आणि पहिल्या वर्षी किमान दहा हजार नगांची लेखी ऑर्डर, मग मी एक मशीन टाकतो. ते म्हणाले, असं कुणी मागत नाही. मी म्हणालो, मग मला जमणार नाही. चहा घेऊन बाहेर आलो. फोन आलेला नाही, कदाचित येणारही नाही. या गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, मी आणि बायको वही घेऊन बसलो. सर्वांत मोठं गिऱ्हाईक एकतीस टक्क्यांवर आहे. शेतीपंपांचे भाग घेणारा एक नवा माणूस कोल्हापूरहून दोनदा येऊन गेला आहे, महिन्याला आठशे नग, पैसे तीस दिवसांत. सध्याच्या मशीनवर त्याचं काम बसत नाही. चाकणला एक वापरलेलं मशीन अकरा लाखांना मिळतं आहे, त्यातले सात आपल्याकडे आहेत. सोमवारी आम्ही दोघं ते बघायला जाणार आहोत, आणि अण्णाही येतो म्हणाले आहेत.